पहाटे चारला उठणारे बाळ

हिवरा आश्रमच्या पंचक्रोशीतले एक घर डोळ्यांपुढे आणा. मेहकर तालुक्यातल्या शेकडो घरांसारखेच. थोडे ओलिताचे, बाकी कोरडवाहू रान. घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि आठ महिन्यांचे बाळ. दिवस पौषाचे. पहाटेचे चार वाजले आहेत. बाहेर मिट्ट काळोख आहे. रात्रीची लाईट होती म्हणून घरधनी गव्हाला पाणी देऊन नुकताच परतला आहे. दाराची कडी वाजली, दिवा लागला आणि बाळाने डोळे उघडले. आता ते टक्क जागे आहे. पाय झाडते आहे, हुंकार देते आहे, कोणीतरी खेळायला या म्हणते आहे. आई मात्र रात्री अकराला अंथरुणाला टेकली होती आणि मध्ये दोनदा पाजायला उठली होती.

"आत्याबाई, आजबी चारलेच उठलं वो. मले तं दिवसभर डोळे उघडत नाहीत," सून म्हणते.

"तुह्या नवऱ्याचंबी असंच होतं. जायफळ उगाळून चाटवलं का निजे तो," सासू म्हणते.

दोघींचेही खरे आहे. सुनेचे डोळे खरोखरच मिटत आहेत आणि सासूला आपल्या परीने मदतच करायची आहे. पण या दोन वाक्यांच्या मध्ये एक धोक्याची वाट आहे. ती टाळून दुसरी वाट कशी धरायची, तेच या लेखात सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पहाटे उठणारे बाळ हट्टी नसते आणि वाईट सवयीचेही नसते. लहान लेकराला घड्याळ कळत नाही. उजेड, आवाज, ऊब, भूक आणि घरातल्या माणसांची चाहूल हेच त्याचे घड्याळ. शेतकऱ्याचे घर चारला जागे होते, म्हणून त्याचे बाळही चारला जागे होते. तेव्हा इलाज बाळावर करायचा नाही, घराच्या रीतीवर करायचा.

खरेच लवकर उठते का?

आपल्याकडे लवकर निजे लवकर उठे असे म्हणतात. ते लेकरांना चांगलेच लागू पडते. बाळ संध्याकाळी साडेसातला निजले आणि पहाटे साडेपाचला हसत उठले, तर दहा तासांची झोप झाली. त्यात काही बिघडलेले नाही. ते हसत उठते, दूध पिते, खेळते आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पेंगते, तर त्याची झोप पुरी झाली असे समजावे. मात्र पाचच्या आत उठणे, उठल्यावर किरकिर, डोळे चोळणे, सकाळी सातलाच पुन्हा मान टाकणे असे रोज होत असेल, तर झोप अपुरी राहते आहे.

किती झोप लागते याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिला आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला चोवीस तासांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, आणि एक ते दोन वर्षांच्या लेकराला ११ ते १४ तास. यात दिवसाची झोपही धरलेली आहे. लेकरालेकरांत फरक असतो, म्हणून शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नये.

तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला रात्र आणि दिवस यातला भेदच अजून कळलेला नसतो. पोट लहान असते, भूक वारंवार लागते. ते चारला उठले तर पाजावे आणि निजवावे. त्याची वेळ सुधारायला जाऊ नये. या लेखातले उपाय त्यापुढच्या बाळांसाठी आहेत.

पाच दिवसांचा हिशेब

दुधाचा आणि मजुरीचा हिशेब आपण ठेवतो, तसाच पाच दिवस बाळाच्या झोपेचा ठेवावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत लिहावे: रात्री किती वाजता निजले, किती वाजता उठले, दिवसा केव्हा आणि किती वेळ निजले. लिहिता न येणाऱ्या आजीने सांगावे आणि शाळेतल्या नातवंडाने लिहावे. पाच दिवसांनी बेरीज केली की पुष्कळदा रोगाचे मूळ तिथेच सापडते. बाळ दिवसा पाच तास झोपते आणि मग रात्री आठच तास झोपते, असे दिसले तर तक्रार कशाची? झोपेची एकच कणगी असते. दिवसा जास्त काढली तर रात्रीला कमी उरते.

शेतकरी घरात एक चूक फार आढळते. आई दिवसभर शेतात. संध्याकाळी पाच-साडेपाचला परत येते. बाळ वाटेत खांद्यावर किंवा बैलगाडीत डोळा लावते आणि सातपर्यंत झोपते. मग रात्री दहा-साडेदहाशिवाय निजत नाही. ही संध्याकाळची झोप रात्रीच्या झोपेचा लचका तोडते. सहा महिन्यांपुढच्या बाळाची दिवसाची शेवटची झोप चार-साडेचारपर्यंत संपावी असे पाहावे. वाटेत पेंगू लागले तर बोलत, गात, दाखवत आणावे. त्या दिवशी रात्री मात्र अर्धा तास आधीच निजवावे.

उशिरा निजवले तर उशिरा उठेल?

बहुतेक आयांना हाच उपाय सुचतो आणि बहुतेक वेळा तो उलटतो. फार थकलेला मजूर जसा रात्री कूस बदलत राहतो, तसेच फार थकलेल्या बाळाचे होते. त्याची झोप वरवरची लागते. सगळ्यांचीच झोप पहाटेच्या शेवटच्या तासांत हलकी असते. बाळाची तर झोपेची एकेक फेरी तासाभराच्या आतबाहेर संपते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ते चाळवते. रात्री अकराला चाळवले तर पुन्हा गाढ निजते. पहाटे चारला चाळवले तर झोपेचा जोर ओसरलेला असतो. अशा वेळी जरासा उजेड किंवा भांड्याचा आवाज पुरे होतो.

म्हणून दहाला निजणारे बाळ साडेआठला निजवून पाहावे. एकदम नव्हे. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावे. निजण्याआधीचा क्रम रोज एकच ठेवावा: कोमट पाण्याने अंग पुसणे, सुती कपडा, पाजणे, दिवा मंद, अंगाई, थोपटणे. रोज तेच तसेच घडले की बाळाला कळते की आता रात्र झाली. या वेळी मोबाईल त्याच्या डोळ्यांपुढे धरू नये. त्या पडद्याचा उजेड झोप लांबवतो.

उजेड, आवाज आणि थंडी

आपल्या भागात जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि संक्रांतीच्या सुमारास सातच्या आसपास. उगवण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे फटफटते. म्हणजे उन्हाळ्यात बाळ साडेपाचला उठू लागले आणि थंडीत साडेसहाला उठत होते, तर त्यात नवल नाही. उजेड डोळ्यांवर पडला की शरीर झोपेचा अंमल आवरते घेते. मोठ्यांत हे होते, बाळांत अधिक होते.

तेव्हा बाळाचे अंथरूण पूर्वेच्या खिडकीखाली किंवा दारासमोर नसावे. टिनपत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून नेमका चेहऱ्यावर कवडसा येतो का, ते एक दिवस पहाटे स्वतः तिथे पडून पाहावे. जाड चादर, जुने लुगडे किंवा धुतलेले गोणपाट खिडकीला आडवे बांधले तरी काम भागते. मात्र हवा खेळती राहिली पाहिजे. उन्हाळ्यात अंगणात निजणाऱ्या घरांनी बाळाची जागा भिंतीच्या पश्चिमेला, सावलीच्या बाजूला करावी आणि मच्छरदाणी लावावी.

पहाटेच्या कामाचा दिवा ही दुसरी गोष्ट. चूल किंवा गॅस ज्या खोलीत, त्याच खोलीत बाळ, अशी पुष्कळ घरांची अडचण असते. तिथे अंथरूण आणि चूल यांच्या मध्ये दोरीवर पडदा टाकावा. तो चुलीपासून पुरेसा दूर असावा. पहाटेची कामे रात्रीच मांडून ठेवावी. सरपण, पाण्याची घागर, पिठाचा डबा, दुधाची बादली, शेतात न्यायचा डबा, सगळे हाताशी आणि बाळापासून लांब. रात्रपाळीच्या लाईटवर शेतात जाणाऱ्याने परतताना दाराची कडी हळू काढावी, बॅटरीचा झोत जमिनीकडे ठेवावा आणि चिखलाचे पाय बाहेरच धुवावे. बाळाला पाहायचा मोह होतो, तो उजाडेपर्यंत आवरावा.

तिसरी गोष्ट थंडी. रात्रीतला सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या जरा आधीचा. पत्र्याच्या घरात तर तीन-चारनंतर हवा एकदम उतरते. त्यातच लंगोट ओले झालेले असते. मग बाळ उठणार नाही तर काय करील? रात्री निजवताना अंगात एक जादा सुती कपडा घालावा, पायमोजे घालावे, झोपताना लंगोट बदलावे. पण जाड गोधडी तोंडावरून पांघरू नये. बाळाला उताणे निजवावे, अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, डोक्याशी उशा आणि चिंध्यांचे ढीग नसावेत. गोधडीत गुरफटून श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. बाळ फार गरम तर होत नाही ना, हे मानेच्या मागे हात लावून पाहावे. हाता-पायांच्या गारव्यावर जाऊ नये.

भूक की सवय?

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. वरचे पाणीही नको. ते पहाटे भुकेने उठले तर बिनदिक्कत पाजावे, पण अंधारात, न बोलता, न खेळवता. सहा महिने झाले की वरचे अन्न सुरू होते. मग संध्याकाळचे जेवण भरीव असावे. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, मऊ उकडलेली अंडी किंवा भोपळा. पातळ पेज पिऊन निजलेले बाळ पहाटे उठणारच. हे जेवण निजण्याच्या तासभर आधी द्यावे आणि नंतर आईने पाजावे.

पोट भरलेले, अंग कोरडे, ताप नाही, तरीही रोज चारलाच उठते, तर सवयीकडे पाहावे. बाळ उठले की काय होते? आजोबा कौतुकाने उचलतात, गोठ्यात नेतात, वासरू दाखवतात, हातात बिस्कीट देतात. लेकरासाठी ती पहाटेची जत्राच. दुसऱ्या दिवशी ते जत्रेच्या वेळी हजर होणार! आजोबांचे प्रेम कमी करू नये, फक्त त्याची वेळ बदलावी. सकाळ कधी झाली हे घराने ठरवावे, समजा साडेपाच. त्याआधी बाळ उठले तर दिवा लावायचा नाही, बाहेर न्यायचे नाही, गप्पा नाहीत. शेजारी पडून राहावे, थोपटावे, हलक्या आवाजात गुणगुणावे. नुसते हुंकारत असेल तर दोन मिनिटे वाट पाहावी. पुष्कळदा ते पुन्हा डोळा लावते. रडत असेल तर रडत ठेवायचे नाही. जवळ घ्यावे, पण अंधारातच. साडेपाच वाजले की दिवा लावावा, नावाने हाक मारावी, आणि मग वासरू, आजोबा, सगळे काही. आठ-पंधरा दिवस नेमाने केले तर फरक दिसतो. एक दिवस अंधारात आणि एक दिवस गोठ्यात असे केले तर बाळ बिचारे गोंधळते.

आणखी एक अडचण आहे. आई उठली की बाळ उठते, कारण तिची ऊब आणि वास गेला. आईला तर चारला उठावेच लागते. इथे आजीचा खरा उपयोग. आईने उठण्याआधी आजीने शेजारी येऊन पडावे आणि बाळाच्या पोटावर हात ठेवावा. दारू प्यालेल्या, झोपेची गोळी घेतलेल्या किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाशेजारी मात्र तान्ह्या बाळाला निजवू नये. बाजेच्या कडेलाही एकटे ठेवू नये. झोळीत निजत असेल तर आढे आणि दोरी मजबूत आहेत का ते रोज पाहावे.

हिवरा आश्रमला जानेवारीत विवेकानंद जयंतीचा महोत्सव भरतो. पुरी-भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून पंगतीत वाढला जातो, लाखो माणसे येतात. पंचक्रोशीतल्या घराघरांत पाहुणे उतरतात. अशा दिवसांत बाळाची वेळ मोडणारच. लग्नात आणि जत्रेतही तेच. त्याची चिंता करू नये. पाहुणे गेले की त्याच दिवसापासून नेहमीचा क्रम धरावा. चार-सहा दिवसांत वेळ पुन्हा बसते.

जायफळ, अफू आणि औषधाची बाटली

आता त्या धोक्याच्या वाटेविषयी. बाळाला गुंगी देऊन निजवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. ब्रिटिश सरकारने १९२९ साली नेमलेल्या कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात या चालीची दखल घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरे असावीत असे सुचवले. पुढे १९४८च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. यातला बोध लक्षात घ्यावा. त्या माता दुष्ट नव्हत्या. त्यांना लेकरू सांभाळायला माणूस नव्हते. म्हणून इलाज निघाला तो माणसाचा, गोळीचा नव्हे.

अफूने श्वास मंदावतो आणि तान्ह्या बाळाचा श्वास थांबूही शकतो. जायफळ निरुपद्रवी वाटते, पण तेही जास्त झाले तर विषारी आहे. गुंगी, छातीची धडधड आणि झटके येऊ शकतात. सहाणेवर किती वळसे उगाळले याचे माप कोणाच्या हातात नसते. एकाला चालले ते दुसऱ्याला चालेलच असे नाही. एक वर्षाच्या आत मधाचे बोटही देऊ नये. त्यातून लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

खोकल्याच्या औषधाने झोप येते म्हणून चमचाभर पाजणे तर त्याहून वाईट. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे दगावली. त्यांतली काही नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. डॉक्टरांनी त्या बाळासाठी, त्या दुखण्यासाठी दिलेले औषध सोडून दुसरे काहीही बाळाच्या तोंडात जाऊ नये. सासूबाईंना हे सांगताना भांडणाचा सूर नसावा. "आत्याबाई, डॉक्टर नको म्हणतात, त्यापेक्षा तुम्ही जरा थोपटा, तुमच्या हाताला गुण आहे," असे म्हटले तर दोघींचाही मान राहतो.

दवाखाना केव्हा?

पूर्वी नीट निजणारे बाळ अचानक पहाटे रडत उठू लागले, तर दृष्ट काढण्याआधी अंगाला हात लावून ताप पाहावा. ताप, जोराचा श्वास, श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, सुस्त पडणे, झटके येणे, यांतले काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा. वाट पाहू नये. कान ओढत रडणे, रोज घोरणे आणि घोरताना श्वास अडकणे, वजन न वाढणे हेही डॉक्टरांना दाखवावे. अंगणवाडीत वजन नियमाने करावे. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे झाले की आशाताईने घरी भेट द्यायची असते. त्या वेळी झोपेचे कॅलेंडर तिच्यापुढे ठेवावे. तिला चार घरांचा अनुभव असतो.

आईची झोप

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. बाळाची झोप सुधारायला पंधरा दिवस लागतील. तोवर आई काय करील? ज्या बाईला महिनोन्महिने सलग चार तास झोप मिळत नाही, तिचा हात विळ्यावर चुकतो, चुलीवर भाजतो, जीव चिडचिडा होतो. दूध पाजणारी बाई म्हणजे दुभत्या गाईसारखी, असे आपण म्हणतो. गाईला वैरण-पाणी आणि विसावा आपण चुकवत नाही. मग हिच्या वेळीच का चुकतो? घरात ठरवून टाकावे की दुपारी तासभर बाळ दुसऱ्याकडे आणि आई आडवी. रात्री भांडी दुसऱ्याने घासावी आणि आईने बाळासोबतच निजावे. आठवड्यातून दोन पहाटा नवऱ्याने बाळ सांभाळावे. ज्या हाताने तो वासरू दोन्ही पायांत धरून कासेला लावतो, त्या हाताला लेकरू थोपटता येत नाही हे खरे नाही. आई सतत रडत असेल, बाळ निजले तरी तिला झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आळस किंवा नखरा नव्हे. ते दुखणे आहे आणि त्याला डॉक्टर आहेत.

आता पुन्हा त्या पहिल्या घराकडे वळू. तिथे जायफळ डब्यातच राहू द्या. संध्याकाळची झोप बंद करा, रात्री नऊच्या आत दिवा मालवा, खिडकीला जुने लुगडे बांधा, कडीला चिंधी गुंडाळा म्हणजे ती वाजणार नाही. पहाटे सून उठण्याआधी सासू तिच्या जागी येऊन पडेल. बाळ चाळवेल, आजीचा हात पोटावर लागेल, आणि बहुधा पुन्हा निजेल. एखाद्या दिवशी नाहीच निजले, तर आजी अंधारात त्याच्याशी हळू बोलत पडून राहील. साडेपाचला गोठ्यात आजोबा वाट पाहतच असतील.

चार-सहा महिन्यांनी हा प्रश्न आपोआप मागे पडेल. पुढे शाळेत जायच्या वयात हेच लेकरू सात वाजले तरी उठवता उठणार नाही. तोवर पहाट शेतकऱ्याची असू द्या, आणि रात्र बाळाची आणि त्याच्या आईची.